खणाच्या कापडाची ऑफिस बॅग घरी शिवताना: थर, बेत, पट्टे, नाव भरणं आणि पुढची निगा (गटावरची चर्चा, प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

काठपदर

खणाचं कापड १ मीटर आहे, पन्हा ३१ इंच, दोन्ही बाजूंना काठ. सोबत १० औंसाचा (चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम) सुती कॅनव्हास आहे. खांद्यावर घ्यायची ऑफिसची बॅग शिवायची आहे. तयार माप समोरून १४ इंच रुंद, १५ इंच उंच, तळ ४ इंच. आत १४ इंची लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, म्हणजे चार-पाच किलो कुठे जात नाहीत. मशीन पायाचं, जुनं काळं, व्यवस्थित चालतं. ब्लाउज-परकर, साध्या पिशव्या नेहमीच्या आहेत, त्यामुळे टिपा मारण्यापासून सुरुवात नको.

अडतंय ते इथे: खणाला आतून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं आतलं कापड) लावू, फोम लावू, की नुसता कॅनव्हास पुरेल? तळाचे कोपरे बेतताना किती इंचाचा चौकोन कापायचा? अखंड तळ केला की कोपऱ्याच्या दोन कडा जुळत नाहीत, एक लांब पडते. पट्टे वजनाने सुटू नयेत म्हणून काय करायचं? समोर देवनागरीत नाव भरायचं आहे, ते कुठल्या टप्प्यावर? आणि अशी बॅग धुवायची कशी?

उलटीटीप

आधी खण कशाचा आहे ते बघा. कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढून चिमट्यात धरून जाळा. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर सुती किंवा व्हिस्कोज, केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम. हल्ली खण म्हणून मिळणारं पुष्कळ कापड मिश्र असतं आणि इस्त्री किती तापवायची ते यावर ठरतं.

खण हे ब्लाउजचं कापड आहे, वजन उचलायचं नाही. चार किलोचा भार त्याच्यावर दिला की विण सरकते, आणि कडेला अर्धा इंच माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) असली तरी टिपेपासून धागे सुटत येतात. म्हणून बॅगेचा सांगाडा कॅनव्हासचा करा आणि खण त्यावर चढवा. खणाला मागून पातळ विणलेलं सुती फ्युजिंग लावा. कागदासारखं दिसणारं, न विणलेलं फ्युजिंग घेऊ नका. बॅग रोज दुमडते, महिन्याभरात त्याला घड्या पडतात आणि त्या खणातून वर दिसतात. फ्युजिंग लावताना वर सुती रुमाल ठेवा, इस्त्री ओढू नका, एका जागी दहा-बारा सेकंद दाबून उचला, पुढच्या जागी ठेवा. गार होईपर्यंत कापड हलवायचं नाही. फुगे येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच, की गरम असतानाच उचललं जातं. दुसरं कारण म्हणजे कापड आधी आटवलेलं नसतं.

आटवणं म्हणजे कॅनव्हास, अस्तर आणि सुती निवार (पट्ट्यांची जाड विणलेली फीत) रात्रभर पाण्यात भिजत घालून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतणं. कोरा सुती कॅनव्हास पहिल्या धुण्यात ५ टक्के सहज आटतो. ३५ इंचाच्या तुकड्यात ते पावणेदोन इंच झाले. अस्तर आटलं नाही आणि कॅनव्हास आटला की आत चुण्याच चुण्या. खण मात्र भिजवू नका, फक्त उलट्या बाजूने हलकी वाफ द्या आणि तीसुद्धा आधी तुकड्यावर करून बघा.

आता बेत. सगळीकडे माया अर्धा इंच धरली आहे.

सांगाड्याचा कॅनव्हास अखंड: १९ × ३५ इंच. रुंदीचा हिशोब १४ + ४ + दोन्ही बाजूंची माया १. उंचीचा १५ + ४ + १५ + १.

बाहेरचा थर अखंड खणाचा करू नका. खणावरचे बुट्टे एका दिशेचे असतील तर अखंड तुकड्यात मागच्या बाजूला ते उलटे येतात. शिवाय तळ घासतो तो खणाचा असून चालत नाही. म्हणून खणाचे दोन तुकडे १९ × ११ आणि तळाला गडद कॅनव्हास किंवा जुन्या जीन्सचा एक तुकडा १९ × १५. तिन्ही जोडले की ३७ मधून दोन शिवणींचे २ इंच जाऊन बरोबर ३५ राहतात. बॅग उभी ठेवल्यावर खण वरचे १० इंच दिसेल, खालचे ५ इंच तळाचं कापड.

काठ वरच्या कडेला आडवा हवा असेल तर १९ इंच खणाच्या लांबीत आणि ११ इंच पन्ह्यात घ्या. दोन्ही काठांपासून एकेक तुकडा निघतो, ३१ मधले २२ इंच जातात, म्हणजे अर्ध्या मीटरमध्ये दोन्ही बाजू होतात. पण मग बुट्टे आडवे पडतात. खणाची बारीक चौकडी किंवा ठिपका असेल तर कळत नाही, मोर किंवा रथ असेल तर फार वाईट दिसतं. अशा वेळी खण उभाच कापा आणि काठाची पट्टी वेगळी काढून वर लावा.

कोपऱ्याचं उत्तर: तळाला शिवण असेल तर चौकोन २ × २ चा कापायचा, म्हणजे तळाच्या निम्मा. अखंड तळाला, घडीवर कापताना, रुंदीला २ इंच पण घडीपासून उंचीला फक्त दीड इंच. खाली शिवण नाही, मग तिथे माया जातच नाही. बाजूच्या कडेतून मात्र अर्धा इंच जाते. तुम्ही दोन्हीकडे २ कापत असणार, म्हणून एक कड दोन्ही मिळून इंचभर लांब पडते आणि मग ती चुण्या घालून बसवावी लागते.

अस्तर याच मापाचं कापा, पण बाजूच्या शिवणी अर्ध्याऐवजी पाऊण इंचाला थोडी कमी, पाच अष्टमांश धरा. अस्तर सांगाड्यापेक्षा किंचित लहान असेल तरच आत झोळ पडत नाही. बाजूच्या एका शिवणीत ६ इंच उघडं ठेवा, बॅग तिथूनच पालथी करायची आहे.

निवांत_शिवण

फोमबद्दल वर काही आलं नाही. लॅपटॉप न्यायचा तर फोम हवाच, पण अख्ख्या बॅगेला नको. सगळीकडे फोम लावला की घरगुती मशीनच्या पायाखाली (सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) वरचा काठ जातच नाही, आणि बॅग रिकामी असली तरी फुगलेली दिसते. ५ मिमी जाडीचा, दोन्ही बाजूंनी कापड चिकटवलेला फोम मिळतो तो घ्या. नुसता पिवळा स्पंज टिपेखाली दबतो आणि वर्ष-दीड वर्षात त्याचा भुगा होतो.

फोम फक्त लॅपटॉपच्या कप्प्याला. कप्पा मागच्या अस्तराला, रुंदी १४, खोली साडेदहा. तो वरच्या कडेपासून लोंबता ठेवा, तळाला शिवू नका, खाली किमान दीड इंच मोकळा राहू दे. बॅग जमिनीवर टेकवताना दणका बसतो तो तळाला, लॅपटॉपच्या कोपऱ्याला नाही. विकतच्या कितीतरी बॅगांत एवढी साधी गोष्ट केलेली नसते!

फोमच्या कडा शिवणीच्या मायेत घेऊ नका. माया सोडून आत बसेल असा कापा, चारी बाजूंनी पाऊण इंच कमी, आणि कापडाच्या दोन थरांत सुटा सरकवा. एक बाजू टिचबटणांनी बंद केली की धुताना काढता येतो.

दोन_धागे

पट्ट्यांबद्दल.

पट्टा सुटतो तेव्हा दोरा क्वचित तुटतो. कापड फाटतं. वरच्या कडेत पट्ट्याची टोकं दीड इंच आत खुपसून दोन आडव्या टिपा मारल्या की सगळं वजन त्या दीड इंच रुंदीच्या कापडावर येतं, आणि तीच ओळ सुईने आधीच भोकं पाडून कमजोर केलेली असते. दोन-तीनदा तिथेच उलटी टीप मारली तर अजून वाईट, तिकिटाच्या छिद्रांसारखी फाडायची रेघ तयार होते.

चार-पाच किलोसाठी पट्टा खालपर्यंत न्या. दीड इंची सुती निवार, अखंड एकच गोल: पुढून वर, खांद्यावरून, पुढूनच खाली, तळाखालून मागे, मागून वर, पुन्हा खाली. हिशोब असा: पुढे-मागे मिळून १५ चे चार भाग ६०, तळाचे दोन ८, खांद्यावरचे दोन हात २४ चे ४८. एकूण ११६ इंच, अधिक जोडाला २. तीन मीटर लागतात, आटणं धरून सव्वातीन घ्या. जोड तळाखाली येऊ द्या. दोन पट्ट्यांच्या मध्यांत ६ इंच अंतर, म्हणजे १९ इंचाच्या तुकड्यात कडेपासून साडेसहा इंचावर पट्ट्याचा मध्य. २४ इंचाच्या हाताला खांद्याखाली साधारण १० इंच जागा राहते, स्वेटर किंवा जॅकेट घालत असाल तर २६ करा.

पट्टा खण आणि कॅनव्हास दोन्ही एकत्र घेऊन, बाजूच्या शिवणी मारायच्या आधी, सपाट असतानाच बसवायचा. दोन्ही कडांना अष्टमांश इंच आत टीप. वरच्या कडेपासून २ इंच खाली थांबा आणि तिथे दीड इंचाचा चौकोन, आत फुली. वरचे २ इंच मोकळे ठेवले नाहीत तर अस्तर जोडताना पट्टा शिवणीत अडकतो. नायलॉनची निवार घेतली तर टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून वितळवून घ्या. सुती निवारीचं टोक दुमडून घ्यायचं.

मशीनचं: साध्या शिवणींना १६ नंबरची सुई, पट्ट्यांना १८. दोरा पॉलिएस्टर. नेहमीच्या ब्लाउजच्या रिळावर १२० तिकीट (दोऱ्याच्या जाडीचा आकडा) असतं, बॅगेला ७५ घ्या. तिकिटाचा आकडा उतरतो तसा दोरा जाड होतो, दुकानात बरेच जण उलटं समजतात. सुती दोरा पाण्या-घामाने कुजतो, बॅगेला नको. टाका ३ मिमी, पट्ट्यावर साडेतीन. जाड दोरा घातला की वरचा ताण थोडा सैल करा. खाली गुंता होत असेल तर बॉबिनला हात लावण्याआधी मशीनचा पाय वर उचलून वरचा दोरा पुन्हा ओवून बघा. पाय खाली असताना ओवलेला दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही.

कोपऱ्यावर सात-आठ थर येतात तिथे टाके गळतात. पायाचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि तो तिरका होतो, म्हणून. त्याच जाडीचा दुमडलेला कॅनव्हास पायाच्या मागच्या बाजूखाली सरकवून पाय सपाट करा, हातोडीने शिवण ठोकून घ्या आणि ते पाच-सहा टाके हातचाक फिरवून मारा. पायडलने जोर केलात तर सुई मोडणार.

सातासमुद्रापार

परदेशातून वाचणाऱ्यांसाठी: इकडच्या पाकिटावर १३०/७०५ एच लिहिलेली सुई म्हणजे आपल्या घरगुती मशीनची एचए×१. जाडी मेट्रिकमध्ये असते, १६ म्हणजे १०० आणि १८ म्हणजे ११०. जीन्सची म्हणून वेगळी मिळते ती कॅनव्हासला उत्तम.

काठपदर

घडीवरच्या दीड इंचाचं समजलं, कागदावर करून बघितलं, कडा जुळतात. @दोन_धागे, पट्टे पुढून असे उभे आले तर नावाला जागा किती उरते? आणि चेन लावायची तर वरच्याच काठाला का?

टाचणी

पट्ट्यांच्या मध्यांत ६ इंच, त्यातून दीड गेले, उरले साडेचार. नाव ४ इंचांत बसवा.

नाव फ्युजिंग झाल्यावर आणि खण कॅनव्हासवर चढवायच्या आधी भरायचं. फ्युजिंगमुळे खण ताणला जात नाही आणि मागच्या गाठी कॅनव्हासखाली झाकल्या जातात. भरतकामाच्या रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा, नाहीतर खणावर गोल वळ उठतो. काम थांबवलं की रिंग काढून ठेवायची.

छापायला बटर पेपर. त्यावर नाव लिहा, कापडावर धावदोऱ्याने अडकवा, कागदासकट भरा, शेवटी कागद टरकावून काढा. इस्त्रीने पुसलं जाणारं पेन वापरू नका. उष्णतेने शाई दिसेनाशी होते, जात नाही. कडक थंडीत रेघा परत उमटतात.

अक्षराची उंची वेलांटी-उकार धरून सव्वा इंच तरी ठेवा, त्याहून लहान केलं की मात्रा आणि रफार एकमेकांत मिसळतात. सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर, साखळी टाका. आधी सगळी अक्षरं भरायची आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एकाच सलग टाक्यात, आडव्या धाग्याच्या रेषेत. अक्षरांच्या दांड्यांची वरची टोकं तिच्याखाली झाकली जातात.

माझं मत विचाराल तर खणावर नाव भरूच नका. खणाच्या बुट्ट्यांत बारीक भरतकाम हरवतं, आणि धूपछाव कापड असेल तर एका कोनातून नाव दिसतं, दुसऱ्यातून नाही. तळाच्या गडद कॅनव्हासचे जे ५ इंच पुढे येतात त्यावर भरा. फक्त तिथे शिवायच्या आधी पट्ट्यांची जागा खडूने आखून घ्या.

उलटीटीप

चेन वरच्या काठाला लावू नका. डबा आणि बाटली ठेवली की तोंड ताणलं जातं आणि चेनचे दात कायम ओढात राहतात. काठापासून दीड-दोन इंच खाली, अस्तराच्या बाजूला, कापडाच्या दोन आडव्या पट्ट्यांमध्ये बसवलेली चेन बरी. ५ नंबरची नायलॉन चेन मीटरवर घ्या, रनर (चेन उघडबंद करणारा सरकता तुकडा) सुटे मिळतात. ३ नंबर ड्रेसची, ती इथे टिकत नाही. रनर दोन ओवा, समोरासमोर. एक बिघडला तर बॅग न उसवता चालवता येते. पुण्यात रविवार पेठेत चेन, रनर, निवार, फोम एकाच फेरीत होतं, मुंबईत कापड आणि अस्तराला मंगलदास मार्केट.

बुरशीनाशक

निगा शिवण्याच्या आधीपासून सुरू होते. जांभळा-लाल खण आणि पांढरी निवार असा बेत असेल तर आजच तपासा: ओला पांढरा रुमाल खणाच्या कोपऱ्यावर ठेवून वरून कोमट इस्त्री दाबा. रुमालाला रंग आला तर निवार काळी किंवा गडद घ्या, कारण पावसात हा रंग पट्ट्यात उतरणारच. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हे मनातून काढा. रंगवतानाच्या पाण्यात मिठाचं काम असतं, तयार कापडावर ते काही धरून ठेवत नाही.

अशी बॅग पाण्यात बुडवायची नाही. बाहेरून कोरडा मऊ ब्रश. डाग पडला तर तेवढ्यापुरता ओला फडका, चोळायचा नाही, टिपायचा. अस्तर बाहेर ओढून निघतं, ते मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून उलटंच वाळवा. खणात जरीचे धागे असतील तर तिथे ना लिंबू, ना व्हिनेगर, ना डांबरगोळ्या.

डब्यातलं तेल सांडलं तर आधी पाणी लावू नका. टाल्कम पावडर किंवा खडूची पूड जाड थरात टाकून रात्रभर ठेवा, झटका, मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब. आमटीचा डाग असेल तर साबण लावल्यावर पिवळ्याचा तांबडा होतो. घाबरू नका, हळद अल्कलीत लाल होते. साबण नीट काढून टाका आणि अस्तर उन्हात धरा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. खण मात्र उन्हात नको, त्याचाही रंग उडतो.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बॅगेवर हमखास बुरशी येते. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, आत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली वर्तमानपत्रं भरा. नुसती भरली तर शाई अस्तराला लागते. पांढरट बुरशी दिसली तर बॅग घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसली की ती विणीत शिरते. मग कॅनव्हासपुरतं निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर लावून, वाऱ्यावर खडखडीत वाळवा.

तळाला रेक्झीन लावायचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा: त्यावर पीयूचा (पॉलियुरेथेन प्लास्टिकचा) थर असेल तर तो दमटपणाने आतून तुटत जातो आणि काही वर्षांत खपल्या पडतात. बॅग न वापरता कपाटात ठेवली तरी पडतात, आणि त्यावर कुठलंही पॉलिश चालत नाही.

दोन_धागे

रेक्झीनला टाचण्या लावू नका, भोक बुजत नाही. कपड्याचे चिमटे चालतात. पायाला चिकटत असेल तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा. टाका ४ मिमी.

निवांत_शिवण

चेनचं एक राहिलं. रनर पुढे गेला आणि मागे दात उघडेच राहिले तर चेन बदलायची गरज नसते. रनरचं मागचं तोंड झिजून फाकलेलं असतं. रनर एका टोकाला नेऊन, पकडीने डावी कड आणि उजवी कड आळीपाळीने अगदी हलकी दाबा. एकदम दाबलात तर तो तडकतो, फार आवळलात तर जागचा हलत नाही. तरीही उघडत असेल तर नवा रनर, त्याच नंबरचा. नंबर जुन्या रनरच्या पाठीवर कोरलेला असतो. जड चालणाऱ्या नायलॉन चेनवर मेणबत्ती घासा. तेल नको, त्यावर धूळ बसते आणि कापडाला डाग जातो.

काठपदर

ओला रुमाल दाबून बघितला, गुलबक्षी काठाचा रंग आला, जांभळ्या भागाचा नाही. काठ वर ठेवला तर पट्टे नेमके त्याच्यावरून जातात.

बुरशीनाशक

मग निवार काळी घ्या, किंवा काठ कापून आतल्या चेनच्या पट्टीला वापरा. तिथे पाऊसही पोचत नाही आणि बॅग उघडली की काठ दिसतो.